बर्फानं भाजलेला हात

बर्फानं माणूस भाजतो, ही गोष्ट मिरजेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त मुनीमजीला. आता मुनीमजी म्हणजे कुणी धोतर-टोपीतला गृहस्थ नव्हे. रुग्णालयाच्या प्रत्येक तपासणीच्या खोलीत भिंतीत कान रोवून बसलेलं ते एक यंत्र होतं. डॉक्टर काय म्हणाले, रोगी काय म्हणाला, सगळं ऐकायचं, त्याचा केसपेपर लिहायचा आणि खाली दुखण्याचा कोड टाकायचा, हे त्याचं काम. डॉक्टरांनी हातात पेन धरायचं केव्हाच सोडलं होतं. रोगी म्हणायचा, "बर्फानं भाजलं ओ," आणि मुनीमजी त्यातलं 'भाजलं' एवढंच उचलून स्टोव्ह, तवा, उकळतं तेल असं मनाचं काहीबाही जोडून मोकळा व्हायचा. मग पडद्यावर लाल ठिपका उमटायचा आणि तो निस्तरायला त्रिशला मगदूम.

त्रिशला त्या रुग्णालयात कोड टाकायच्या विभागात होती. कोरडा बर्फ एव्हाना गल्लोगल्ली पोचला होता. लशी, रक्त, प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी, सगळं ड्रोननं खेडोपाडी जायचं आणि त्या डब्यांत धुरकटणारे पांढरे ठोकळे असायचे. ते बनवणारे कारखाने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत भूछत्रांसारखे उगवले होते. साहजिकच बोटं, तळवे, कुणी पैजेवर चाटून बघितलं म्हणून जीभ, असले थंड चटके घेऊन माणसं येत राहायची आणि त्यांचे सगळे कागद त्रिशलाच्या टेबलावर यायचे.

जखमेला कोड दोन. पहिला काय झालं ते सांगतो, दुसरा कसं झालं ते. या दुसऱ्याच्या शेपटाला एक अक्षर असतं आणि खरी मेख तिथं असते. अ म्हणजे अपघात. स्व म्हणजे स्वतःचं स्वतः करून घेतलेलं. ह म्हणजे हल्ला. काहीच ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह. अ पडलं की कागद गपगुमान जागेवर जाऊन झोपतो. ह पडलं की तो आपसूक पोलिसांकडे जातो, मग मधे कुणीही आडवा पडला तरी थांबत नाही.

त्रिशलाचा धाकटा भाऊ श्रेणिक याच्या कागदावर अ होतं. आणि त्याच्या वर एक वाक्य होतं: 'रुग्ण गोंधळलेला, विधान विश्वासार्ह नाही.' ते अ जाऊन तिथं ह यावं आणि ते वाक्य पुसलं जावं, एवढ्यासाठी ती बाई दातओठ खात जगत होती. सूड म्हणा हवं तर. तीही सूडच म्हणायची.

श्रेणिक शीतल हुक्किरेच्या कारखान्यात ठोकळे भरायला होता. शीतल हे बाईचं नाव वाटेल कुणाला, पण आमच्या मिरज-सांगलीकडच्या जैनांत ते तीर्थंकरांच्या नावावरून पुरुषालाही ठेवतात. नावात गारवा, धंद्यात गारवा, आणि बोलणं इतकं गार की ऐकणाऱ्याला वाटावं, पायाखाली मुंगी आली तरी हा माणूस दिवसभर जेवायचा नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, कुठलाही कार्यक्रम असो, शीतलदादा पुढच्या रांगेत. कांद्याला त्यानं जन्मात हात लावला नाही, पण नाकानं कांदे सोलण्यात त्याला तोड नव्हती.

शुद्धीवर आल्यावर श्रेणिकनं सांगितलं ते असं. हैदराबादच्या औषधकंपनीचे लोक कारखाना बघायला आले होते. त्यांच्यापुढं तो बोलून गेला, "साहेब, बाकी सगळं झकास आहे, तेवढे आम्हाला हातमोजे धड द्यायला सांगा." पाहुणे हसले, शीतलही हसला. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शीतल भरण्याच्या खोलीत आला. तिथं श्रेणिक एकटाच होता. "हातमोजे पाहिजेत व्हय तुला? बघू तरी कशाला लागतात," असं म्हणत त्यानं श्रेणिकचा उघडा उजवा हात धरला आणि ठोकळ्यावर दाबून ठेवला. श्रेणिक ओरडला, धडपडला. मग ठोकळ्यांतून सुटून खोलीत खाली साठलेला वायू छातीत गेला आणि त्याला भोवळ आली. पुढचं त्याला काही आठवत नव्हतं.

पुढचं गावाला आठवत होतं. शीतलनं श्रेणिकला स्वतःच्या खांद्यावर टाकून गाडीत घातलं, रुग्णालयाच्या दारात आणलं आणि तिथंच मोठ्यानं सांगितलं, "पोराचा हात डब्यात अडकला होता, मी ओढून काढला." त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताची तीन बोटंही टोकाला पांढरी पडली होती. लोकांनी ती बघितली आणि लोक हळहळले. मालक नोकरासाठी एवढं करतो, असं आजकाल कुठं दिसतं? श्रेणिक जे सांगत होता ते वायूनं डोकं फिरल्यामुळं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मुनीमजीनंही तसंच लिहिलं. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

त्रिशलाचा भावावर विश्वास होता. आईचा नव्हता. "देवमाणसाबद्दल असं बोलू नये, बाळा," आई म्हणायची. "गॅस चढला होता तुला." भादव्यात पर्युषणाचे उपास संपले की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते. सगळे एकमेकांपुढं हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. त्या दिवशी आई शीतलसाठी वेगळं ताट करायची. त्यानं श्रेणिकला कारखान्याच्या फाटकावर बसायची नोकरी दिली होती ना, त्याचे उपकार.

श्रेणिक पूर्वी बस्तीत आरतीला पेटी वाजवायचा. उजव्या हातानं सूर, डाव्यानं भाता. आता सूर दुसरं कुणीतरी वाजवायचं आणि हा शेजारी बसून नुसता भाता मारायचा. त्रिशलाला तिकडं बघवायचं नाही. बघितलं की तळपायाची आग मस्तकात जायची.

तशात त्या वर्षी सत्कार झाला. शीतलचे सत्कार काय, होतच असायचे, पण या वेळी त्यानं व्यासपीठावरून फाटकावाल्यालाच बोलावून घेतलं. "ये रे श्रेणिक. हात वर कर, लोकांना दिसू दे." श्रेणिकनं हात वर केला. शीतलनं आपला हातही शेजारी धरला, तीन पांढरे डाग दाखवत. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. आईनं डोळ्याला पदर लावला.

घरी आल्यावर श्रेणिक म्हणाला, "आक्का, मी विसरायला बघत होतो गं. खरंच बघत होतो. पण हा गडी विसरू देत नाही."

"मग नको विसरूस," त्रिशला म्हणाली. "मी तर विसरायचं मनावरच घेतलं नव्हतं."

त्याच सुमाराला रुग्णालयात व्रणवाचक आला. दिसायला साधा, पितळी डबा उघडून ठेवावा तसा. त्यात हात ठेवायचा, वरून झाकण येतं, थोडी गुणगुण होते, बस्स. तो चालवायचं काम डॉ. आयेशा पटवेगार यांच्याकडं होतं. त्या मिरजेच्याच, बोलायला मोकळ्या. हे यंत्र काय सांगतं आणि काय नाही, हे कोड टाकणाऱ्यांना कळावं म्हणून त्यांनी सगळ्यांना एका दुपारी बोलावून घेतलं.

"तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचतो," त्या म्हणाल्या. "का, तर त्याच्या खाली वाफेची गादी तयार होते. कोरड्या बर्फाचं तसंच, फक्त उलट. तो असतो उणे अठ्ठ्याहत्तर अंशाला. वितळत नाही, त्याचा एकदम वायूच होतो. त्याच्यावर बोट नुसतं टेकलं, तर आपल्या अंगाच्या उबेनं वायू सुटतो आणि बोटाखाली त्याची गादी होते. झटकन उचललं तर फार बिघडत नाही. पण दाबलं, की ती गादी निसटून जाते आणि बर्फ थेट कातडीला भिडतो."

"आणि मग भाजतं," कुणीतरी म्हणालं.

"मग पेशींमधलं पाणी गोठतं. त्याचे सुयांसारखे स्फटिक होतात. थंडी हळू शिरली तर मोठे, जोरात शिरली तर बारीक. जखम भरली तरी त्या सुया जिथं रुतल्या होत्या तिथं आतल्या धाग्यांत भोकं राहतात. हे यंत्र आवाजाच्या लहरी सोडून ती भोकं वाचतं. त्यावरून थंडी किती वेगानं शिरली ते कळतं, आणि वेगावरून दाब कळतो. शिवाय हात ओढला गेला असेल तर भोकं एका बाजूला कललेली असतात, वाऱ्यानं गवत झुकतं तशी. नुसता दाबून ठेवला असेल तर ती सरळ उभी असतात."

त्रिशला मागच्या खुर्चीत होती. ती उठून उभी राहिली.

"म्हणजे ओढला की दाबला, हे यंत्र सांगतं?"

"सांगतं. व्रण दिसतोय तोवर सांगतं, कितीही जुना असो. म्हणून तर नव्या नियमात शेवटचं अक्षर आता हेच यंत्र सुचवणार. मुनीमजीच्या ऐकण्यावर ते सोडायचं नाही."

त्रिशला खाली बसली.

श्रेणिकला आणायला तिला फार समजवावं लागलं नाही. तो आला, सही केली, हात डब्यात ठेवला. नातेवाइकाच्या कागदाला हात लावायचा नाही, हा कोडवाल्यांचा पहिला नियम, त्यामुळं त्रिशला भिंतीला टेकून उभी होती. पडद्यावर श्रेणिकचा तळवा उमटला, त्यावर गडद निळे पट्टे. आयेशामॅडमनी ते बराच वेळ निरखले.

"एवढा दाब स्वतःचा हात टेकून येत नाही," त्या म्हणाल्या. "वर दुसरा हात होता."

"म्हणजे ह," त्रिशला म्हणाली.

"नाही. ओढून काढणारासुद्धा वरूनच धरतो. दाबला की ओढला हे बघायला वरची कातडी पाहिजे, आणि ती यांच्या शस्त्रक्रियेत गेली आहे. तिथं मांडीची लावली आहे. मी फार तर अ चं प्रश्नचिन्ह करू शकते, त्रिशला. ह करायला मला तो दुसरा हात लागेल."

श्रेणिक बाही खाली ओढत उठला. "राहू दे आक्का," तो म्हणाला. "निदान गोंधळलेला नव्हतो, एवढं तरी ठरलं."

"एवढ्यावर गप्प बसायला मी काय साधू आहे?" त्रिशला म्हणाली. "तो दुसरा हात कुठं लपलेला नाही. हारतुरे घेत गावभर फिरतोय."

दुसऱ्याच दिवशी ती कारखान्यात शीतलच्या केबिनमध्ये जाऊन बसली. त्यानं चहा मागवला. तिनं घेतला, गोड हसलीसुद्धा. भिंतीवर सत्काराचे फोटो होते, त्यातल्या एकात श्रेणिकचा वर केलेला हात अर्धा कापला गेला होता.

"दादा, प्राणरक्षक पदकासाठी तुमचं नाव गेलंय म्हणे."

"गेलंय खरं," शीतल म्हणाला. "पण ते अधिकारी पुरावा मागायलेत बघा. मला मेलं पदकाचं काय, लोकांचाच आग्रह."

"पुरावा मागणारच ते. एवढी जखम झाली तुम्हाला, पण रुग्णालयात तिची नोंदच नाही. तुम्ही श्रेणिकच्या धावपळीत होता, स्वतःचा केसपेपर काढलाच नाही. आणि आमच्याकडं कसं असतं, दादा, कोड नाही म्हणजे जखम झालीच नाही."

शीतलनं आपली तीन बोटं उजेडात धरून बघितली. कुणी आपल्या जुन्या दागिन्याकडं बघावं तसं बघितलं. "मग आता?"

"आता नवीन यंत्र आलंय. जुन्या व्रणावरून सुद्धा काय झालं ते सगळं सांगतं. दाब किती, हात ओढला की काय केलं, सगळं. तुम्ही म्हणाल तेव्हा या."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे ध्यानात घ्या. त्रिशलानं ते मुद्दाम तसं ठरवलं होतं. खोटं बोलून पकडलं असतं तर त्याला पुढं 'मला फसवलं' म्हणायची सोय राहिली असती. तिला त्याच्यासाठी एकही सोय ठेवायची नव्हती. आणि माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला जरा तरी मेहनत पडते, इथं तर हा स्वतःच शिडी घेऊन फिरत होता. सत्य समोर ठेवलं होतं आणि त्यात त्याला फक्त पदक दिसत होतं.

रुग्णालयात परतल्यावर ती सरळ आयेशामॅडमकडं गेली. "तो दुसरा हात स्वतःच्या पायानं येतोय. मी त्याचा कागद हाताळणार नाही, कोड दुसरं कुणी तरी टाकेल. पण मला तिथं उभं राहायचं आहे."

आयेशामॅडमनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. "त्याची हरकत नसेल तरच. आणि मी त्याला सगळं वाचून दाखवणार. काही गाळणार नाही."

"गाळूच नका."

शीतल आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. पर्युषणाचा शेवटचा दिवस होता, कपाळाला गंध होतं. त्रिशलाला बघून त्याला बरं वाटलं. "घरचं माणूस जवळ असलं की धीर येतो," तो म्हणाला.

आयेशामॅडमनी संमतीचा मजकूर वाचायला घेतला. यात जे दिसेल ते नोंदीत जाईल. याच प्रसंगातली दुसरी जखम नोंदीत असेल तर यंत्र दोन्ही जुळवून बघेल. शेवटचं अक्षर ह आलं तर कागद पोलिसांकडं जाईल. "समजलं ना? एकदा विचार करा, घाई नाही."

"आमच्याकडं काय लपवण्यासारखं आहे, मॅडम," शीतल म्हणाला आणि अंगठा टेकवला.

मग त्यानं हकीकत सांगितली. सत्काराच्या भाषणात घोटून घोटून ती गुळगुळीत झालेली होती. "श्रेणिक बेशुद्ध, हात आत रुतलेला. मी मागचा-पुढचा विचार केला नाही. हातमोजा घालायला तरी वेळ कुठला? तसाच उघडा हात घातला आणि हिसका मारून ओढला." भिंतीतल्या मुनीमजीनं ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात, लिहून घेतलं.

झाकण आलं. गुणगुण झाली. पडद्यावर तीन बोटांची टोकं उमटली. भोकं सरळ उभी होती, सगळीच्या सगळी, कापणीआधीच्या जोंधळ्यासारखी. एकसुद्धा कललेलं नव्हतं. टोकांच्या खाली एक धारदार रेघ होती आणि रेघेच्या पलीकडं हाताला थंडीचा मागमूस नव्हता.

"बाकीच्या हातावर काहीतरी घातलेलं होतं," आयेशामॅडम स्वतःशीच पुटपुटल्या.

मग यंत्रानं श्रेणिकचा तळवा आणला आणि त्याच्यावर हा हात ठेवला. फिरवला, सरकवला, पुन्हा ठेवला. श्रेणिकच्या गेलेल्या बोटांच्या बेचक्यांत तीन टोकं जाऊन चपखल बसली. शीतलला पडद्याची पाठ दिसत होती. तो सदऱ्याची बाही नीट करत होता.

"झालं का मॅडम? नाव तेवढं नीट लिहा. हुक्किरे, क ला क जोडून."

"लिहू," आयेशामॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "अहवालाची प्रत तुमच्या फोनवर येईल. उद्या दुपारी तो पक्का होईल. काही म्हणायचं असेल तर तोवर लेखी द्या."

तो गेला. त्रिशला पडद्यासमोर आली. खाली एक चौकोन होता आणि त्यात ह अक्षर, मान्य करायची वाट बघत. तिचा हात आपोआप पुढं गेला. आयेशामॅडमनी तो हळूच बाजूला केला.

"हे बटण तुझं नाही."

"एकदाच," त्रिशला म्हणाली. "किती दिवस मी या अक्षरासाठी जगले, तुम्हाला काय सांगू."

"तू दाबलंस तर त्याचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणेल, बहिणीनं दाबलं. मग जन्मभर प्रश्नचिन्ह. तुला तुझं समाधान पाहिजे की त्याला शिक्षा?"

दोन्ही पाहिजेत, हे त्रिशलाच्या ओठावर आलं होतं. पण ती मुकाट्यानं हात मागं घेऊन बाहेर आली. व्हरांड्यात उभी राहून रडली. दुःखानं नव्हे, चडफडून. आपल्या हातानं घ्यायचा घास दुसऱ्यानं भरवावा, असं तिला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. बस्तीच्या मंडपात गर्दी होती. लोक एकमेकांपुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत होते, वयानं मोठी माणसं लहानांपुढंही वाकत होती. श्रेणिक पेटीजवळ डावा हात भात्यावर ठेवून बसला होता. आई शेजारी, मांडीवर शीतलसाठी झाकून आणलेलं ताट. त्रिशलानं तिला अजून काही सांगितलं नव्हतं. सांगून आईला पटलं नसतं, आणि पटवायचा तिला कंटाळा आला होता.

शीतल आला तो वेगळाच दिसत होता. रात्रीत वाळल्यासारखा. फोनवर अहवाल आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. तो गर्दीतून सरळ त्रिशलापाशी आला.

"ताई, दुपारी पक्कं होणार म्हणे ते. तुम्ही त्याच खात्यात आहात. त्या ह च्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह टाकायला सांगा. मी श्रेणिकला भागीदारी देतो, कारखान्यात."

"माझा त्या कागदाशी संबंध नाही, दादा. श्रेणिकला विचारा. हात त्याचा आहे."

शीतलनं श्रेणिककडं बघितलं. श्रेणिकनं नजर वळवली नाही. तेव्हा शीतलनं एक हुशारी केली. आजवर जिथं हमखास पाझर फुटला होता, तिथं तो वळला. आईच्या पुढं गुडघे टेकून त्यानं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, उत्तम क्षमा. वर्षानुवर्षं कळत-नकळत माझ्याकडून तुमच्या घराला काही दुःख झालं असेल, तर पोटात घाला."

आईचे डोळे भरून आले. तिनं ताटावरचं झाकण काढलं. "अरे, तुझ्याकडून कसलं दुःख—"

"आई, थांब जरा," त्रिशला म्हणाली. ती शीतलच्या समोर येऊन बसली, त्याच्याइतकीच खाली. "दादा, कळत की नकळत?"

"काय?"

"तुम्ही दोन्ही एका दमात म्हणता. सगळेच म्हणतात. पण माझा धंदाच असा आहे की मला ते वेगवेगळं लिहावं लागतं. नकळत झालं त्याला एक अक्षर, कळत झालं त्याला दुसरं. तेवढं सांगा, मग आई क्षमा करेल."

आसपासची माणसं जवळ सरकली. शीतल आईकडं बघेना, त्रिशलाकडंही बघेना. "नकळतच म्हणायचं," तो म्हणाला.

"नकळत उभी भोकं पडत नाहीत. अहवाल वाचलाय ना तुम्ही? तीन बोटं, ओढल्याची एक खूण नाही."

"थट्टा केली होती ओ," शीतल म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "क्षणभराची थट्टा. पाहुण्यांपुढं बोलला म्हणून जरा दम द्यावा म्हटलं. दाबून ठेवलं थोडं. एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं?"

आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. ती शीतलकडं बघत होती आणि मग तिनं श्रेणिककडं बघितलं. तिनं ताट पुन्हा पदराखाली ओढून घेतलं, सरकत सरकत लेकाजवळ गेली आणि त्याचा तो उरलेला हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. इतक्या वर्षांत तिनं त्या हाताला असा हात लावला नव्हता.

शीतल अजून गुडघ्यांवरच होता. "श्रेणिक, तू तरी," तो म्हणाला. "आज कुणी कुणाला नाही म्हणत नाही."

श्रेणिकनं थोडा विचार केला. त्याला राग आलेला दिसत नव्हता, उलट काहीतरी पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखा तो बघत होता.

"दादा, बेशुद्ध पडायच्या आधी मला एक दिसलं होतं," तो म्हणाला. "मी सांगायचो, पण कुणी लिहूनच घेतलं नाही. मला दाबण्याआधी तुम्ही खुंटीवरचा हातमोजा चढवला होता. आमच्यातलाच, टोकं फाटलेला. मी त्या दिवशी दुसरं काय मागत होतो? धड हातमोजे घेतले असते, तर तुमच्या बोटाला डागसुद्धा पडला नसता. आज तुम्ही सुटला असता."

शीतलनं आपला उजवा हात बघितला. मग तो त्यानं सदऱ्याच्या खिशात घातला, आणि त्याला तो कुणी पुन्हा बाहेर काढताना बघितला नाही, निदान पोलिस येईपर्यंत तरी.

आरतीची वेळ झाली. पेटीचा पहिला सूर लागला, श्रेणिकनं डाव्या हातानं भाता ओढला. उजवा हात आईच्या मांडीवरच होता. दुपारी त्याच्या फोनवर रुग्णालयाचा निरोप आला. अ गेलं होतं, ह आलं होतं, आणि वरच्या वाक्याच्या जागी लिहिलं होतं: 'रुग्णाचं विधान सुरुवातीपासून खरं.' त्यानं फोन आईच्या हातात दिला आणि आईनं ते बोटानं अक्षर अक्षर लावत वाचलं.

क्षमेच्या दिवशी मनात दुष्टावा ठेवू नये म्हणतात. त्रिशलानं ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला जेवण फार गोड लागलं.